व्हरांड्याचं छत आणि बायकोची गोधडी

नाही, हसा तुम्ही, खुशाल हसा! तुमचं काय जातंय? मान वर करून करून माझी मोडलीय, तुमची नाही. जो उठतो तो विचारतो, "काय हर्शेल, छत रंगवलंस म्हणे? मग दाखव की एकदा!" दाखव की! जसं काही मी ते खिशात घालून फिरतोय! अहो, एवढा लांबलचक व्हरांडा, त्याचं छत, दोन-दोन हात मारून निळंशार केलेलं, या या मानेनं केलेलं... आणि मी ते एका माणसाला दाखवू शकत नाही! पाहुण्याला नाही, पोस्टमनला नाही, पाद्रीबाबा आले होते, त्यांनाही नाही. का? तीच तर सगळी रड आहे. बसा. शेंगा घ्या, उकडलेल्या आहेत, गरम आहेत तोवर घ्या.

तर तुम्हाला सांगतो, सगळं सुरळीत चाललं होतं. उभा जन्म मी सॅव्हाना शहरात बस चालवली, निवृत्त झालो, म्हटलं आता पाय पसरून बसायचं. तर बायको, म्हणजे अल्थिया, म्हणते, "चल, बेटावर जाऊ. आईबाबांचं घर पडून आहे. ते नीट करू आणि तिथेच राहू." नीट करू! कोण करू? मी खिडक्या बसवल्या, मी पायऱ्या बसवल्या, आतल्या फळ्या वाळवीनं खाल्लेल्या त्या मी उखडल्या, आणि ती सॅव्हानात बसून कपबशा कागदात गुंडाळत होती. एक खोली झाली राहण्यासारखी, एक पलंग मावेल एवढी. मग मला काय अवदसा आठवली बघा, मी म्हटलं, ती यायच्या आत व्हरांडा चकाचक करू. बायको खूश होईल!

छताला जुना निळा रंग होता. पोपडे आलेला, डाग पडलेला. घेतला खरवडायला. नाकात निळं, कानात निळं, खोकलो तर निळं. सगळा काढला आणि वर झकास पांढराशुभ्र रंग मारला. आमच्याकडे वर डोंगराकडे, स्पार्टनबर्गला, छतं पांढरीच असतात. कुणी मेलं नाही त्यानं!

आली. पायरीवर उभी, हातात बॅग. वर बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत वर. मी आपला कौतुकाची वाट बघत उभा, ब्रश हातात धरून.

"हर्शेल, निळा कुठाय?"

"खरवडला!" म्हणजे काय अभिमान हो माझ्या आवाजात!

"माझ्या आईचा निळा तू खरवडलास?"

"अगं, पोपडे आले होते..."

"आता त्यांना अडवणार कोण?"

"कुणाला?"

तिनं नाव घेतलं नाही. इथे घेत नाहीत. नुसती हनुवटी खाजणाकडे केली. तिकडून येतात म्हणे ती भुतंखेतं. येतात, निळं छत बघतात, त्यांना वाटतं हे पाणी आहे, आणि पाणी काही त्यांना ओलांडता येत नाही, मग येतात तशी परत जातात. मी म्हटलं, "अगं, खाजणात पाणीच पाणी आहे. ते ओलांडून आली ना इथवर? मग माझ्याच छतापाशी त्यांचं घोडं अडतं होय?" आता हा प्रश्न चूक आहे का? तुम्ही सांगा! नाही ना? पण संसारात बरोबर प्रश्न विचारण्याइतका मोठा गुन्हा दुसरा नाही. तिनं बॅग खाली ठेवलीच नव्हती, तशीच वळली आणि चालायला लागली. कुठे? तीन घरं पलीकडे, थोरल्या बहिणीकडे!

"माझा काही असल्या गोष्टींवर विश्वास नाही हं," जाता जाता म्हणते, "पण छत निळं झाल्याशिवाय मी या घरात पाठ टेकणार नाही."

विश्वास नाही! नसताना ही तऱ्हा!

आता ही थोरली बहीण, व्हर्डेलताई. बायकोची ताई म्हणून मीही ताईच म्हणतो, न म्हणून सांगतो कुणाला! तिचा नवरा मोझेस गेल्या थंडीत गेला. भारी बोलका माणूस, बिचारा. तो गेल्यापासून ताई जरा जास्तच करवादते. पण गोधडी शिवावी तर तिनंच. तांदळाच्या कणीएवढा टाका, आणि टोकाला अशी गाठ की कापड फाटेल पण गाठ निघणार नाही. "माझी गाठ देवालासुद्धा सुटायची नाही," असं ती येता जाता म्हणते. देवानंही नाद सोडला असेल एव्हाना.

मी म्हटलं, ठीक आहे. निळं तर निळं. एका दिवसाचं काम! गेलो ब्यूफर्टला रंगाच्या दुकानात. म्हटलं, "निळा द्या." दुकानदार म्हणतो, "कुठला?" "निळा हो!" त्यानं माझ्यासमोर पत्ते पिसल्यासारखे कागद टाकले. पहाटेचा निळा, कप्तानाचा निळा, 'दूरची आठवण', 'अर्धी झोप'... अहो, अर्धी झोप हा रंग आहे? मी म्हटलं, हा द्या, हा द्या, आणि हाही द्या. आणले डबे, छतावर नमुन्याचे चौकोन काढले, बायकोला बोलावलं. ती बहिणीला घेऊन आली. बहीण म्हणाली, "मिस ओझेलाला विचारल्याशिवाय कसं?"

मिस ओझेला! ऐंशीच्या पुढची बाई. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दारात गाय उभी आहे की गाडी, हे आवाजावरून ओळखते. आणि रंगात शेवटचा शब्द तिचा! का, तर तिची आई खड्ड्यात नीळ, चुना आणि दूध कालवून आख्ख्या बेटाची छतं रंगवायची. आईला दिसत होतं हो! पण बोलायचं कुणी? खुर्ची ठेवली, मिस ओझेला बसली, मान मागे टाकली, तोंड उघडं. मला वाटलं झोपली. तर नाही...

"हा हिरवा आहे, बाळा."

"मिस ओझेला, हा निळा आहे."

"हिरवा आहे. आणि तो पलीकडचा रडका. त्याच्याखाली कुणी हसायचं नाही."

"आणि हा?"

"हा दुकानातला वाटतो."

"अहो, सगळेच दुकानातले आहेत!"

"तेच तर म्हणतेय मी."

परत ब्यूफर्ट. परत डबे. परत चौकोन. परत खुर्ची. बाई यायची, लिंबाचा गोड चहा प्यायची, मान मागे टाकायची आणि नापास करायची. असं आठवडेच्या आठवडे. आणि छत? छत आपलं तसंच! तसंच कुठलं, गोवर आलेल्या पोरासारखं ठिपक्या ठिपक्यांचं.

शेवटी मी काय केलं... हे बाहेर बोलू नका. एकाच डब्यातून तीन चौकोन काढले. एकाच! तोच ब्रश, तोच हात. बोलावलं बाईला. पहिला बघितला, "हिरवट." दुसरा बघितला, "बरा आहे, पण उपाशी वाटतो." तिसऱ्याकडे मान वळवली आणि तिच्या डोळ्यांना पाणी. "हाच! हाच माझ्या आईचा!" बायको म्हणाली, "आमेन." ताई म्हणाली, "आमेन." मीही म्हटलं, "आमेन." कुठे गप्प बसायचं हे मला लग्नानं शिकवलंय.

झालं! सुटलो! दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेतली, शिडी घेतली, व्हरांड्यात आलो, आणि बघतो तर काय? छतच नाही!

म्हणजे होतं. पण त्याला गोधडी लटकलेली! झालं काय होतं, की मिस ओझेला रंग नापास करत होती तोवर आमच्या बाईसाहेबांना वाटलं, हात रिकामे कशाला ठेवा? नव्या घराच्या पलंगाला गोधडी करू. व्हरांड्याच्या छताला चार आकडे आहेत, तिच्या बाबांनी ठोकलेले, तिच्या आईच्या गोधडीसाठी. आकड्यातून दोर, दोराला लाकडाची चौकट, चौकटीत गोधडी ताणलेली. दिवसा दोर सैल सोडायचे, चौकट गुडघ्याएवढी खाली घ्यायची, भोवती बायका बसणार, धावदोरा घालणार, बेटावरच्या एकूण एक माणसाची खबर घेणार. आणि संध्याकाळी दोर ओढायचे, चौकट वर, थेट छताला! म्हणजे दिवसा बायका, संध्याकाळी गोधडी. मी रंग मारायचा कधी, आणि कुठे? गोधडीला?

मी म्हटलं, "आत लावा ना ही चौकट."

"आत कुठे? आतल्या फळ्या तूच उखडून ठेवल्यास," बायको म्हणाली.

"मग गोधडी तेवढी सोडवा. गुंडाळून ठेवा दोन दिवस, मी रंग मारतो, परत लावा."

सगळ्या सुया थांबल्या. तुम्हाला सांगतो, भर बसमध्ये ब्रेक दाबल्यावर होते ना, तशी शांतता. मिस ओझेलानं छातीवर हात ठेवला. ताईनं चष्मा काढला. चष्मा काढला की काहीतरी ऐकावं लागतं.

"हर्शेल, अर्धी गोधडी चौकटीवरून उतरवली की ज्या पलंगाची ती गोधडी, त्या पलंगावरच्या नवराबायकोत अंतर पडतं. एवढंही कळत नाही तुला?"

"आणि आत्ता काय आहे, ताई? ही तीन घरं पलीकडे झोपते! यापेक्षा आणखी किती अंतर पडणार?"

"ते वेगळं."

ते वेगळं! म्हणजे बघा हं, नीट ऐका, कारण मलाच समजायला वेळ लागला. छत निळं झाल्याशिवाय बायको घरी येणार नाही. चौकट आकड्यांवरून उतरल्याशिवाय छत निळं होणार नाही. गोधडी संपल्याशिवाय चौकट उतरणार नाही. आणि गोधडी कोण शिवतंय? बायको! रोज सकाळी माझ्याच व्हरांड्यात येते, माझ्याच छताखाली बसते, मला म्हणते, "जरा सरक, उजेड अडतोय," आणि दिवस कलला की बहिणीचा हात धरून चालू लागते. आणि छत? छत आपलं तसंच!

मी डब्यातल्या घेवड्यावर दिवस काढत होतो. आणि हसू नका, पण मला करमत नव्हतं. अल्थिया घोरते. उभ्या जन्मात मी त्यावर इतकी कटकट केलीय, उशी घेऊन बाहेर काय गेलोय, चिमटे काय काढलेत... आणि आता ते घोरणं नाही तर माझा डोळा लागेना. नव्या खोलीत नवा पलंग, त्यावर मी एकटा, आणि वाऱ्यानं दार वाजलं तर मी, हर्शेल, ज्याचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही, तो उठून दाराला खुर्ची लावायचा. सांगू नका तिला.

मग मी त्या गोधडीवर लक्ष ठेवायला लागलो. बायका बसतात, सुया चालतात, तोंडं तर सुयांपेक्षा जास्त चालतात, पण गोधडी पुढे सरकेना! काल त्या लाल ठिगळापाशी होती, आजही लाल ठिगळापाशीच. मी अल्थियाला बाजूला घेतलं. ती कुजबुजली, "मिस ओझेलाला दिसत नाही रे. तिचे टाके असे पडतात की पायाचं नख अडकेल. ती घरी गेली की आम्ही तिची बाजू उसवतो आणि परत घालतो. तिला कळू द्यायचं नाही. कुणाचं मन मोडायचं नाही."

"आणि माझं?"

"तुझं काय? तुझं कधी काय मोडलंय?"

म्हटलं, सापडला चोर! मिस ओझेलाला चौकटीपासून दूर काढलं की काम फत्ते. मी तिच्यासाठी झुलती खुर्ची आणली, अंगणात ओकच्या सावलीत ठेवली, चहा दिला, तिळाच्या वड्या दिल्या, म्हटलं, "मिस ओझेला, तुमच्या आईच्या त्या निळीच्या खड्ड्याची गोष्ट सांगा ना." सांगितली! रोज सांगितली! रोज नव्यानं! माझे कान किटले, त्या खड्ड्यात उडी मारावीशी वाटली, पण बाईला मी सुईला हात लावू दिला नाही. आठवड्यानं जाऊन बघतो, गोधडी कुठे? लाल ठिगळापाशी! आणि छत? छत आपलं तसंच!

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, आता आपणच शिवायची. रविवार होता. सगळ्या चर्चला. मी म्हटलं, पाठ धरलीय, येत नाही. चौकट खाली घेतली, बसलो, सुई ओवली. सुई ओवण्यातच अर्धं चर्च संपलं असेल. घातले टाके. अहो, ज्या हातानं बस वळवली त्या हातात सुई! एक टाका इथे, तर दुसरा पार तिथे, दोघांची एकमेकांशी ओळखही नसावी. पण पुढे सरकत होतो ना! खुशीत होतो. एवढ्यात पायऱ्यांवर पावलं वाजली. आता चर्च बुडवून गोधडी शिवताना सापडलो तर? शिरलो की चौकटीखाली. फळ्यांवर उताणा, नाकावर गोधडी.

बूट दिसले. पांढरे मोजे, चर्चचे काळे बूट. व्हर्डेलताई! ती खुर्चीत बसली, पर्स उघडली, आणि... कट्. खालून मला सगळं दिसत होतं हो. माझ्या डोळ्यांसमोर एक एक टाका नाहीसा होत होता. आणि मिस ओझेलाची बाजू नव्हे! अल्थियाची बाजू, चांगली, सुबक, कणीएवढ्या टाक्यांची! ताई दोरा ओढत होती आणि बोलत होती. माझ्याशी नाही, मोझेसशी.

"एवढीच ओळ, मोझेस. एवढी काढली की आणखी दोन दिवस राहील ती. लबाडी आहे, माहीताय मला. पण सकाळी टेबलावर दोन कप असतात रे. एक कप ठेवला की आवाजच होत नाही घरात."

मी श्वास धरून पडलेलो. आणि गोधडीचा कापूस, मेला, नाकात गेला. शिंकलो. अशी शिंक की गोधडी वर उडाली!

"आलंच!" ताई किंचाळली. "पांढरं छत बघून आलंच शेवटी!" आणि हातात काय आलं तर छत्री, त्या छत्रीनं वरून बडवायला सुरुवात! गोधडीवरून हो! मध्ये कापूस होता म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय.

"ताई, मी आहे! हर्शेल!"

"कशावरून?"

आता कशावरून सांगायचं? मी म्हटलं, "पाठ धरलीय!" तेव्हा पटलं. बाहेर निघालो रांगत.

"तू चर्च बुडवून गोधडीखाली काय करतोस?"

"आणि तुम्ही चर्च बुडवून गोधडीवर काय करताय?"

ताईनं कात्री मांडीवर ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"जा, सांग तुझ्या बायकोला," म्हणाली. "सांग, तुझी ताई चोर आहे. मोझेस दिवसभर टकळी चालवायचा, मी म्हणायची, देवा, याला घटकाभर गप्प कर. केलं त्यानं. आता फ्रिज घरघरायला लागला की मी त्याला म्हणते, हं, बोल."

मी भांडायच्या तयारीत होतो हो. शब्द सगळे गोळा करून ठेवले होते, आठवड्यांचे! पण मी म्हटलं, "ताई, मी नाही सांगणार. पण आता उसवू नका. मलाही घर खायला उठतं."

"तुला काय धाड भरलीय? तुझी बायको तीन घरांवर आहे. माझा माणूस कुठल्या घरावर आहे?"

आता यावर कुणी भांडतं? नाही ना? मी चौकट सरळ केली, खाली पडलेली सुई शोधून ताईच्या हातात दिली. मग ताईनं सुई ओवली आणि गोधडीवर वाकली. "हे असले टाके कुणी घातले?" मी म्हटलं, मी. "तुझ्यापेक्षा मिस ओझेला बरी!" आणि सर्रकन माझे सगळे उसवले. माझेच! सकाळभराची मेहनत!

पण शब्दाची पक्की. त्यानंतर ती गोधडी अशी पळाली की बघता बघता संपली. चौकट उतरली. मी सकाळी शिडीवर चढलो तो अंधार पडता उतरलो, दुसऱ्या दिवशी परत चढलो. निळं! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळं! डोक्यावर निळं, भुवयांवर निळं. अल्थिया आली, पायरीवर थांबली, वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "आईचाच," एवढंच म्हणाली, आणि बॅग घेऊन आत गेली. आणि त्या रात्री घोरली! काय घोरली! मी जागा राहून ऐकलं, खोटं कशाला सांगू.

इथे संपायला हवं होतं ना? सुखानं नांदावं ना माणसानं? तर आठवडाही झाला नसेल, जेवताना हिचा घास हातातच. खिडकीतून तिकडे बघतेय. "ताईच्या घरात एकच दिवा लागतो रे हल्ली." आणि मी! मी, जो जन्मभर तोंड बंद ठेवायची कला शिकला, तो मी म्हणालो, "मग बोलाव की तिला. राहू दे चार दिवस."

ताईला कुणी नुसतं 'ये' म्हटलं तर ती येते होय? ताठा केवढा! "मी कुणाकडे राहायला जात नसते," म्हणाली. "पण माझी एक गोधडी राहिलीय, आणि तुमच्या छताला आकडे आहेत. तेवढी शिवून होईस्तोवर येते. संपली की एक दिवस जास्त राहायची नाही."

आली. चौकट घेऊन आली! आणि गोधडी केवढी? आख्ख्या बेटाला पांघरूण घालता येईल एवढी. चार आकडे, चार दोर, संध्याकाळी ओढली वर, आणि माझं छत... गेलं! माझं निळं छत, 'आईचाच निळा', जे बघून खाजणातली भुतं मागे फिरणार होती, गांधीलमाश्या आभाळ समजून फसणार होत्या, घरटं करणार नव्हत्या, ते गेलं गोधडीच्या आड! आणि दिवसा चौकट खाली आली तरी बायका अशा दाटीनं बसतात की वर बघायला आत शिरेल कोण? खोली एक, पलंग एक. पलंगावर दोघी बहिणी, अंगावर ती नवी गोधडी, जी नवराबायकोच्या पलंगासाठी होती हं, लक्षात ठेवा! आणि मी व्हरांड्यात, घडीच्या खाटेवर. वर छत, छताखाली ताईची गोधडी, गोधडीखाली मी. मला दिसतं काय? अस्तर!

मी मनाची समजूत घातली. गोधडी काय, आज ना उद्या संपेल. ठेवलं लक्ष. तर कालची ओळ आज गायब! म्हटलं, ताई! शब्द देऊन परत तेच! या खेपेला रंगेहाथ पकडायचं. ताई मिस ओझेलाकडे गेलेली बघून दाराआड उभा राहिलो. पावलं वाजली. कात्री वाजली. उडी मारून बाहेर आलो...

अल्थिया!

दचकली? छे! मान वर केली नाही. "ओरडतोस काय? भेंड्यांचं सूप चुलीवर आहे, तिकडे बघ जरा."

"तू? तू उसवतेस?"

"मग काय तिला जाऊ देऊ?"

"अगं, पण... तिकडे... तीसुद्धा..." मी जीभ चावली. शब्द दिला होता ना ताईला!

"तीसुद्धा उसवायची. माहीताय मला," बायको म्हणाली. "हर्शेल, माझी ओळ रोज सकाळी नाहीशी होते, ती माझी मला कळणार नाही? पहिल्या आठवड्यात कळलं."

"म्हणजे मी इथे डब्यातला घेवडा खात होतो, दाराला खुर्ची लावून बसत होतो, आणि तुला..."

"दाराला खुर्ची?"

"ते सोड! तुला माहीत होतं आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू गप्प बसला असतास? ताईचं मन मोडलं असतं."

"आणि माझं?"

आता माझ्याकडे बघितलं. जरा हसली. तशी हसली ना, की मी जन्मभर हरत आलोय. "तुझं घट्ट आहे रे," म्हणाली. "धर ही कात्री. माझं सूप उतू जाईल."

धरली! काय करणार? तेव्हापासून रोज दुपारी ताई आडवी झाली की मी चौकटीपाशी. चष्मा लावून. कणीएवढे टाके, उसवताना डोळ्यांना पाणी येतं. म्हणजे यायचं. कारण परवा काय झालं, कात्री सापडेना, म्हणून मी दोरा नुसता बोटानं ओढला, आणि आख्खी ओळ सळकन माझ्या हातात! मी टोक बघितलं. परत बघितलं. गाठच नाही! दुसरी ओळ ओढली. तिलाही नाही! व्हर्डेलताईची ओळ, अहो, जिची गाठ देवाला सुटायची नाही, आणि टोकाला गाठ नाही! मी मान वळवली तर खिडकीत ताई. आडवीबिडवी काही नाही. चहा पीत उभी. माझ्याकडे बघत नव्हती. म्हणजे अगदी ठरवून बघत नव्हती.

तर सगळ्यांना सगळं माहीत आहे, आणि कुणी कुणाला काही बोलत नाही. सकाळी टेबलावर तीन कप असतात, आणि आवाज? विचारू नका! माझ्या कानांचं भुसकट झालंय.

आणि छत? छत निळं आहे हो. माझ्या शब्दावर विश्वास ठेवा.

चला, उठतो मी. शेंगा संपवा तुम्ही. दुपार टळत आली, आजची ओळ अजून उसवायची राहिलीय. बोलत बसलो तर एखाद्या दिवशी चुकून संपायची मेली गोधडी!